जोखीम 'घेतली' की 'पत्करली'?

रंकाळाकाठची: एका लेखाचा अनुवाद अडलाय. एफटीएक्स हा क्रिप्टोचा, म्हणजे आभासी चलनाचा, बाजार चालवणारा सॅम बँकमन-फ्रीड. दान करता यावं म्हणूनच बक्कळ कमवायचं, हा त्याचा पंथ. नोव्हेंबर 2022 मध्ये बाजार बुडाला, 2024 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली. मी लिहिलं, 'त्याने ग्राहकांच्या पैशांची जोखीम घेतली.' सासरे वाचून हसायलाच लागले. त्यांची हयात गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, गेली. 'जोखीम घेतली म्हणजे पिशवीच पळवली की गं!' त्यांच्या लेखी जोखीम म्हणजे सोपवलेला ऐवज. एसटीत 'जवळ जोखीम आहे' असं कुजबुजायचे. मग काय लिहू?

काना_मात्रा: 'जोखीम घेणे' ही इंग्रजीची नक्कल. मराठी माणूस जोखीम पत्करतो किंवा उचलतो.

गूळढेप: आमच्यात सगळी 'रिस्क' म्हणत्यात आणि समद्यास्नी कळतंय. विषय संपला.

जुनी_चोपडी: संपला कसा? सासरे बरोबर आहेत. जोखमी हुंडी ऐकलीय? हुंडी म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची. गलबत बुडालं तर पैसे हुंडी विकत घेणाऱ्याचे गेले. जोखीम कुणाच्या डोक्यावर, हे आधीच ठरलेलं. या सॅमने ग्राहकांना विचारलं होतं का? मला तर शब्द 'जोखणे'वरूनच आलेला वाटतो, तोलून हवाली केलेलं ते.

काना_मात्रा: ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली?

गूळढेप: पैसा दुसऱ्याचा, दान आपलं, ह्याला आमच्याकडं शब्द होता. धर्मादाय. आबा शाहूपुरीत गूळ घालायचे. अडत्याच्या हिशेबाच्या पट्टीत हमाली, तोलाई आणि खाली धर्मादाय कापलेलं. पैसं आबांचं, देणगीच्या फरशीवर नाव अडत्याचं.

जुनी_चोपडी: म्हणून तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला द्यायची सक्ती आहे. व्यापारी त्या पैशाचा मालक नव्हे, विश्वस्त.

लिंबूटिंबू: पण हेतू चांगला असेल तर? सॅमला एका मुलाखतीत विचारलं होतं, 51 टक्के शक्यता जग दुप्पट होण्याची, 49 टक्के नाहीसं होण्याची, खेळशील? थोड्या अटी घालून हो म्हणाला.

गूळढेप: ह्याला मटका म्हणत्यात. जग बी ह्येच्या बापाचं?

काना_मात्रा: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! इतका नेमका वाक्प्रचार असताना अनुवाद अडतोच कसा?

रंकाळाकाठची: ग्राहकांना हलवाई केलं तर संपादक मला घरी बसवतील. सासरे आता म्हणतायत, 'घेतली'च राहू दे, तेच झालंय.

काना_मात्रा: तरीही 'पत्करली'. आणि गूळढेप, धर्मादाय 'कापलेला' हवं.

गूळढेप: पट्टीवर 'धर्मादा' असंच लिवलेलं असायचं. घरात एक जपून ठिवलीय, उद्या फोटो टाकतो.