पायथनआधी पिपेट हातात घ्या

मेकॅनिकलची पदवी आहे, बायोलॉजी बारावीलाच सुटलं, तर लॅब ऑटोमेशनमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतली कामं रोबोकडून करून घेण्याच्या क्षेत्रात, निभाव लागेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की लागेल. आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, असा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर तो योग्यच आहे, पण माझ्या मते त्याआधी द्रव समजून घ्या. पाण्यावर बिनचूक चालणारा रोबो ग्लिसरॉल आलं की कमी ओढतो, कारण ते दाट, टिपमध्ये (पिपेटच्या टोकाच्या नळीत) सावकाश चढतं. इथेनॉल उलट आपोआप ठिबकतं; त्याच्या वाफेने टिपमधल्या हवेचा दाब वाढतो. म्हणून प्रत्येक द्रवाला ओढण्या-सोडण्याचा वेग वेगळा ठरवावा लागतो. पडताळायला सूक्ष्म तराजू घ्या: १ मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळपास १ मिलिग्रॅम.

तुमचा टॉलरन्सचा (मापात किती फरक चालतो याचा) अभ्यास इथे फार कामी येईल. ९६ वेलच्या (द्रव ठेवायच्या छोट्या खळग्यांच्या) प्लेटचा तळ १२७.७६ × ८५.४८ मिमी, शेजारच्या दोन वेलच्या केंद्रांमधलं अंतर ९ मिमी. ३८४ वेलच्या प्लेटला तेच ४.५. पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेच्या) गरम-गार चक्रांनंतर पातळ प्लेट वाकते, आणि ग्रिपर (प्लेट उचलणारा रोबोचा पंजा) नेमका तिथे अडतो.

जे काम मशीनला द्यायचंय, ते संशोधकांच्या शेजारी बसून आधी स्वतः हाताने करा. टिप कलती धरणं, वेलच्या भिंतीला थेंब टेकवणं, हे लेखी प्रोटोकॉलमध्ये बहुधा नसतंच.