शाळा उघडली, पण कबड्डी-खोखो बंद. अंतर ठेवून मुलांना मैदानावर काय खेळवावं?

गुरुजी_यवतमाळ
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. कोरोनामुळे बंद राहिलेले ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. आमच्याकडे पाचवी ते सातवी मिळून ३२ मुलं. वर्गात एका बाकावर एक मूल बसवणं जमलं, अडचण मैदानावर येते. दीड वर्षात काही मुलं शेतात राबली, काही मोबाईलमध्ये अडकली. आता मैदान दिसलं की एकमेकांच्या अंगावरच धावतात. कबड्डी, खो-खो, लंगडी, सगळ्यात शिवाशिवी.

सध्या रांगेत उभं करून हातपाय हलवायचे प्रकार घेतो. थोड्याच वेळात कंटाळतात, रांग मोडते आणि सगळी बोरिंगवर पाणी प्यायला एकत्र जमतात.

साहित्य म्हणाल तर जुन्या लेझीमा (सगळ्यांना पुरत नाहीत), एक फुटबॉल आणि अर्धी गोणी फक्की (मैदान आखायची पांढरी पूड). क्रीडाशिक्षक नाही. मैदान काळ्या मातीचं, पाऊस आला की पाय रुततो. खो-खोच्या मैदानावर तेवढा मुरूम टाकलेला आहे, आखणीही शाबूत आहे. कुणी काही घेऊन पाहिलं असेल तर सांगा.

मैदानवाला
सर, खो-खोचं मैदान आखलेलं आहे ना, मग जागेचा प्रश्न सुटला. दोन आडव्या पाट्यांमध्ये (मैदानावर आखलेल्या पट्ट्यांमध्ये) २.३० मीटर, म्हणजे साडेसात फूट जागा असते. पाट्या आठ, प्रत्येक १६ मीटर लांब. एका पाटीवर चार-चार मीटरवर चार मुलं उभी करा, ३२ मुलं बरोबर बसतात. उभं राहायच्या जागी फक्कीनं गोल काढा आणि आत त्या मुलाचा हजेरी क्रमांक लिहा. क्रमांक लिहिलेली जागा मुलं सोडत नाहीत, हा माझा पक्का अनुभव.

आता खेळ. कुठलाही खेळ निवडताना एकच पाहा, एका वेळी किती मुलं हलताहेत? दोघं धावतात आणि तीस जण पाळीची वाट पाहतात, तिथं घोळका होणारच. म्हणून सगळ्यांनी एकदम हलायचं, तेही एकाच दिशेनं. खो-खोतली बैठक घ्यायला लावा. शिट्टी वाजली की उठायचं, पाटीवरून उजवीकडे तीन पावलं पळायचं, जमिनीला हात टेकवायचा, उलट फिरून परत गोलात बसायचं. पुढची शिट्टी डावीकडे. सगळे एकाच बाजूला सरकतात, त्यामुळे मधलं अंतर तसंच राहतं. मध्येच शिट्टीऐवजी टाळी वाजवा, टाळीवर उठायचं नाही. कान टवकारून बसतात पोरं! खो देणं बंद असलं तरी उठण्याचा वेग आणि दिशा बदलणं शिकून होतं, उद्या खेळ सुरू झाला की हेच कामी येईल.

लेझीम नक्की काढा. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. १९१४ सालची संस्था. तिथं मोठमोठे गट एका तालावर लेझीम करताना पाहिलेत. हात मोकळे पसरायला जागा लागतेच, त्यामुळे तिथं अंतर निराळं सांगावं लागत नाही. लेझीम पुरत नाही तर अर्ध्यांनी लेझीम, अर्ध्यांनी त्याच तालावर रिकाम्या हातांनी. मात्र त्या दिवशी ज्याची लेझीम त्याचीच, मध्येच अदलाबदल नको.

सूर्यनमस्कारासाठी प्रत्येकानं घरून पोतं आणावं. सुरुवातीला कमीच घ्या, मुलांचा दम गेलेला आहे.

उपकेंद्र_सिस्टर
गुरुजी, तब्येतीच्या बाजूनं सांगते. धावताना, उड्या मारताना मास्क लावायला लावू नका, जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं आहे. तेवढा वेळ अंतर काटेकोर पाळा आणि खेळ थांबला की मास्क परत. ताप, खोकला असेल त्याला त्या दिवशी घरीच राहू द्या. घरात कोरोना होऊन गेला असेल तर त्या मुलाचा व्यायाम हळूहळू वाढवा. छातीत दुखलं, फार धाप लागली की लगेच थांबवून आमच्याकडे पाठवा.

आणखी एक, आपल्या विदर्भात हे विसरून चालत नाही. तुमच्या वर्गात सिकलसेलची (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) मुलं आहेत का, पालकांना एकेकटं विचारून ठेवा, सगळ्यांसमोर नको. अंगातलं पाणी कमी झालं, फार दमणूक झाली, उन्हाचा किंवा थंडीचा कडाका बसला की या मुलांच्या हातापायात, पाठीत असह्य कळा येऊ शकतात. म्हणून त्यांना बाजूला बसवून ठेवू नका हो, ती मुलं मनानं फार खचतात. मध्ये मध्ये थांबू द्या, मागेल तेव्हा पाणी द्या, थकलो म्हटलं की ऐका.

ऑक्टोबरचं ऊन पाहता तासिका सकाळी घ्या. बोरिंगवरची गर्दीही एका गोष्टीनं तुटेल: ज्याची त्याची पाण्याची बाटली ज्याच्या त्याच्या गोलाजवळ.

कास्तकार_वाशीम
सर, मी काही मास्तर नाही, पालक हाव. शाळा बंद होती तवा आमच्या गावातले पोट्टे दिवसभर सायकलचे जुने टायर फिरवत राह्यले. तेच शाळेत काहून नाही आनत? टायर ज्याचा त्याचा, काडी ज्याची त्याची. दोघं जवळ आले की टायर टायरले धडकते न् दोन्ही पडते, म्हनून पोट्टे आपोआपच दूर राह्यतात. फक्कीनं नागमोडी रेघा आखून द्या, टायर रेघेवरून न्यायचा. आमच्या पोरीले पन लय आवडते.

दोरीवरच्या उड्याही घ्या. दुकानातून आनाची गरज नाही. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पीळ देल्ला, टोकाले गाठी मारल्या, झाली दोरी. ओली करून घेतली तं वजन येते, चांगली फिरते.

गुरुजी_यवतमाळ
मनापासून आभार. आज सकाळी गोल काढले, क्रमांक टाकले. बैठक घेऊन उठायचा खेळ मुलांनी पुन्हा पुन्हा मागितला. टायरचं सांगितल्यावर तर वर्गात एकच गलका झाला. एका पालकांना हलगी येते, ते शनिवारी लेझीमसाठी येतो म्हणाले. सिस्टर, सिकलसेलबद्दल आजपासूनच पालकांशी बोलतो, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. सोयाबीनची मळणी चालू आहे, पुढं कापसाची वेचणी. रोज पाच-सहा मुलं कमी असतात. तेव्हा रिकाम्या गोलांत बाकीच्यांना सरकवू का?

मैदानवाला
नको. रिकामा गोल रिकामाच ठेवा. एकदा सरकवलं की दुसऱ्या दिवशी जागेवरून भांडण, आणि भांडणात सगळी एका गोलात. शेतावरून परतलेल्या मुलाला आपला क्रमांक तिथंच दिसला पाहिजे. फक्की पुसट होईल, तेवढी रोज सकाळी दोन मुलांकडून फिरवून घ्या.