विषय: चित्रसंध्येची प्रश्नमंजुषा आणि हिंदी रिमेकचा प्रस्ताव

प्रेषक: एक आजीव सभासद
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

चित्रपट समितीने तयार केलेली प्रश्नमंजुषा आणि यंदाच्या चित्रसंध्येत ‘सैराट’ऐवजी त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ दाखवण्याचा प्रस्ताव मी काळजीपूर्वक वाचला. इथे वाढलेल्या मुलांना करमाळ्याकडची बोली झेपत नाही, हिंदी मात्र थोडीफार समजते, हे समितीचे म्हणणे खोटे नाही. तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे, आणि निम्म्याहून अधिक प्रश्नांबद्दलही तक्रार आहे.

आधी प्रश्नांविषयी लिहितो. ‘सैराट’ कोणत्या तारखेला प्रदर्शित झाला, त्याने किती कोटींचा गल्ला जमवला, त्याची लांबी किती मिनिटे, हे प्रश्न ज्याच्या हातात मोबाइल आहे तो क्षणात सोडवेल आणि सोडवून झाल्यावर चित्रपटाविषयी त्याला काडीचेही नवे कळलेले नसेल. चित्रपटाचा किस्सा असा असावा, की तो ऐकल्यावर तो प्रसंग पुन्हा एकदा लावून पाहावासा वाटावा. त्यापेक्षा असे विचारा: ज्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, त्याच्या अगदी शेवटच्या प्रसंगात कोणते वाद्य वाजते? उत्तर आहे, एकही नाही. मूल घरात येते, आईवडिलांना पाहून रडू लागते, आणि ते रडणेदेखील आपल्याला ऐकू येत नाही. रक्तात भिजलेली त्याची पावले तेवढी फरशीवर उमटत जातात. आधीचे अडीच तास ज्या प्रेक्षकाने गाण्यांवर शिट्ट्या मारल्या, त्याच्या कानांतून दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी सगळे काढून घेतले आहे. वाद्यवृंदाचा तपशील ठाऊक असल्याशिवाय त्या शांततेची किंमत पुरती कळत नाही, म्हणून असा तपशील मला मोलाचा वाटतो.

आता ‘धडक’. करण जोहर यांच्या संस्थेने 2018 साली काढलेल्या या रिमेकमध्ये गाव जाऊन उदयपूर आले, पाटलांच्या जागी राजघराणे आले, आणि पळून गेलेले जोडपे हैदराबादऐवजी कोलकात्याला पोहोचले. स्थळ बदलायला माझी हरकत नाही. पण मूळ चित्रपटात वर्गात फोनवर बोलत शिरलेल्या प्रिन्सला, म्हणजे पाटलांच्या मुलाला, लोखंडे सर हटकतात, आणि हा मुलगा भर वर्गात त्यांच्या थोबाडीत मारतो. त्यानंतर अपमान झालेल्या शिक्षकालाच नमते घ्यावे लागते. गावात कोणाचे चालते, हे त्या एका थपडेत समजते. हिंदीत वरच्या जातीचा उल्लेख येतो खरा, पण असे डोळ्यांना काही दिसत नाही. शेवटही बदलला आहे: मराठीत आर्ची आणि परश्या दोघेही मारले जातात व मूल उरते, तर हिंदीत नायक आणि मूल जातात व नायिका उरते. हा बदल कशासाठी केला, याचे उत्तर मला चित्रपटात सापडले नाही. मूळ चित्रपट पाहून आलेल्यांना धक्का बसावा, एवढाच हेतू असावा, असा माझा संशय आहे.

मुलांना काही दाखवायचेच असेल, तर ‘सैराट’ इंग्रजी सबटायटल्ससह दाखवावा.

आपला,
एक आजीव सभासद

प्रेषक: समन्वयक, चित्रपट समिती
विषय: उत्तर: चित्रसंध्येची प्रश्नमंजुषा आणि हिंदी रिमेकचा प्रस्ताव

आदरणीय काका,

आपल्या पत्राबद्दल समितीच्या वतीने आभार. तारखांचे आणि कोटींचे प्रश्न आम्ही मागे घेत आहोत. वाद्यवृंदाचा प्रश्न घेतला आहे, मात्र तो विचारताना शेवट उघड होऊ नये म्हणून प्रश्नमंजुषा चित्रपटानंतर ठेवावी लागेल.

रिमेकबद्दल मात्र माझे मत आपल्याइतके ठाम नाही. आपल्या मंडळात वर्षानुवर्षे ज्याची पारायणे होतात, ज्यातल्या सत्तर रुपयांच्या प्रसंगाला सगळे सभागृह कलाकारांच्या आधी संवाद म्हणते, तो ‘अशी ही बनवाबनवी’ रिमेकच आहे. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ 1966 सालचा, आणि त्याचेही मूळ ‘जय माँ काली बोर्डिंग’ या 1955 सालच्या बंगाली चित्रपटात आहे. म्हणजे आपल्या लाडक्या चित्रपटाला एक सोडून दोन पूर्वज आहेत. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ जर्मन ‘ब्लू एंजल’वरून आला, हे तर आपणच गेल्या कोजागिरीला सांगितले होते. मग 1988 साली सचिन पिळगावकरांना जी मुभा, ती 2018 साली ‘धडक’चे दिग्दर्शक शशांक खेतान यांना का नसावी? मराठीतून हिंदीत गेले की बाटले आणि बाहेरून मराठीत आले की पावन झाले, असा तर आपला निकष नाही ना?

सबटायटल्सची अडचणही खरी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ती वेगाने वाचता येत नाहीत, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना इंग्रजी वाचण्यात रस नसतो.

आपली नम्र,
समन्वयक

प्रेषक: एक आजीव सभासद
विषय: उत्तर: उत्तर: चित्रसंध्येची प्रश्नमंजुषा आणि हिंदी रिमेकचा प्रस्ताव

ताई,

प्रश्न रास्त आहे आणि तो टोकदारपणे विचारलात, याचा आनंद झाला. माझा निकष भाषेचा नाही. मूळ चित्रपट समोर असताना नव्याने करणाऱ्याने त्यात स्वतःचे काय घातले, एवढेच मी पाहतो.

‘पिंजरा’ घ्या. 1930 सालच्या जर्मन चित्रपटात एक प्रतिष्ठित अध्यापक कॅबरेतल्या गायिकेच्या नादी लागून विदूषक होतो, त्याची विटंबना होते आणि तो संपतो. 1972 साली शांताराम यांनी कॅबरेच्या जागी तमाशाचा फड आणला, एवढेच केले असते तर तो वेषांतराचा प्रकार ठरला असता. पण इथे गावकरी दुसऱ्याच एका माणसाचे प्रेत गुरुजींचे समजतात, गुरुजींचा खून झाला असे मानून त्यांचा पुतळा उभारतात, आणि फडाबरोबर भटकणारे गुरुजी अखेरीस स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली न्यायालयात उभे राहतात. खरे सांगितले तर सुटका आहे, पण गावासमोरचा आदर्श मोडतो. म्हणून ते फाशी पत्करतात. हा सगळा भाग जर्मन चित्रपटात नाही. माणसापेक्षा त्याचा पुतळा मोठा होण्याची ही गोष्ट आपल्या मातीतली आहे, आणि डॉ. लागूंचा तो पडलेला चेहरा पाहताना मूळ चित्रपटाची आठवणही होत नाही.

‘बनवाबनवी’चेही तसेच. भाड्याने घर मिळावे म्हणून दोन मित्रांनी बायकांची सोंगे घ्यायची, ही कल्पना उसनी आहे. परंतु वसंत सबनीसांच्या लेखणीतून उतरलेले पुण्याचे घरमालक सरपोतदार, त्यांचे मधुमेहाचे औषध, त्यासाठी दिलेले आणि मित्राबरोबर ‘वारलेले’ सत्तर रुपये, आणि फक्त विवाहित जोडप्यांना जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर ही माणसे कुठून उसनी आणता येत नाहीत. तुमच्या मुभेच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की मुभा सर्वांना आहे. 1988 साली ती वापरली गेली आणि 2018 साली ती वाया गेली.

किंबहुना आपला चित्रपटच रिमेकमधून वाढला आहे. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि 1917 साली तीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिल्या चित्रपटाची म्हणून जी पहिली आणि शेवटची रिळे जतन केली आहेत, ती खरे तर 1917 सालच्या चित्रपटाची असावीत, असे काही इतिहासकार मानतात. भारतीय चित्रपटाचे आद्य दृश्य म्हणून आपण जे पाहतो, ते कदाचित रिमेकमधले असेल. पुढे 1932 साली पहिला मराठी बोलपट आला, तो ‘अयोध्येचा राजा’, म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच. पण तिथे कारण होते: मुका राजा आता बोलणार होता.

प्रभात कंपनीने तर हा प्रश्न मुळातच मिटवला होता. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ या एकाच चित्रपटाच्या मराठी व हिंदी आवृत्त्या 1937 साली त्याच दिग्दर्शकाने आणि त्याच शांता आपटे यांना घेऊन केल्या. दोन भाषांतल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचा तेव्हा तो उत्तम मार्ग होता.

अनावश्यक रिमेकचा नमुनाच हवा असेल, तर तो हॉलिवूडमध्ये आहे. हिचकॉक यांनी 1960 साली ‘सायको’ काढला, तेव्हा रंगीत चित्रपट सर्रास निघत असतानाही त्यांनी तो कृष्णधवल ठेवला. खर्च कमी ठेवायचा होता, आणि न्हाणीघरातल्या खुनाचे रक्त रंगात फार भडक दिसले असते. कृष्णधवल असल्यामुळेच रक्ताऐवजी चॉकलेटचे सिरप चालून गेले. बर्नार्ड हरमन यांनीही त्याला जोड म्हणून केवळ तंतुवाद्यांचे संगीत दिले. गस व्हॅन सँट यांनी 1998 साली हाच चित्रपट जवळजवळ दृश्यागणिक जसाच्या तसा उतरवून काढला, हरमन यांचेच संगीत पुन्हा वाजवून घेतले, आणि चित्रपट मात्र रंगीत केला. ज्या अडचणीतून मूळची युक्ती जन्मली ती अडचणच उरली नव्हती, तरी युक्तीची नक्कल झाली. सिरपचा किस्सा आपण गंमत म्हणून सांगतो. पण 1998 सालचा चित्रपट का फसला, हे त्याच किश्शातून अधिक चांगले समजते. प्रश्नमंजुषेत हा प्रश्न अवश्य घ्यावा.

आपला,
एक आजीव सभासद

प्रेषक: बंगळुरूत वाढलेली एक सभासद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: चित्रसंध्येची प्रश्नमंजुषा आणि हिंदी रिमेकचा प्रस्ताव

नमस्कार काका, नमस्कार ताई,

या चर्चेत एक भर घालते. ‘सैराट’चा कन्नड रिमेक ‘मनसु मल्लिगे’ 2017 साली आला, आणि त्यात नायिका रिंकू राजगुरूच होती. काकांचा निकष लावला तर तो रिमेक अनावश्यकच ठरेल, कारण त्याच मुलीने तीच भूमिका पुन्हा केली. पण मराठी चित्रपट स्वतःहून कधीही न लावणाऱ्या माझ्या कन्नड मैत्रिणींपर्यंत आर्ची त्याच चित्रपटातून पोहोचली, आणि त्यातल्या काहींनी नंतर मूळ चित्रपट शोधून पाहिला. निर्माता हक्क विकत घेतो तो चाललेल्या चित्रपटाची हमी हवी म्हणून, यात वाद नाही. तरी प्रेक्षकाच्या पदरात काय पडले याचा हिशेब निर्मात्याच्या हेतूवरून करू नये, असे मला वाटते.

सबटायटल्सबद्दल मात्र मी काकांच्या बाजूने आहे. 2016 साली बर्लिन महोत्सवात ‘सैराट’ दाखवला गेला तो चौदा वर्षांपुढच्या मुलांसाठीच्या विभागात; मराठीचे अक्षरही न कळणाऱ्या प्रेक्षकांनी तो सबटायटल्सच्या आधारे पाहिला. आपल्या घरांतल्या मुलांच्या कानांवर मराठी निदान रोज पडते.

प्रेषक: समन्वयक, चित्रपट समिती
विषय: चित्रसंध्या: अंतिम निर्णय

सर्व सभासदांस,

मुख्य सभागृहात ‘सैराट’ इंग्रजी सबटायटल्ससह दाखवला जाईल आणि चौदा वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेश नसेल. त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ ठेवला आहे. त्याला 2014 साली बर्लिनच्याच लहान मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर पारितोषिक मिळाले होते. मुलांजवळ बसून त्यांना सबटायटल्स वाचून दाखवण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. ‘धडक’ दाखवला जाणार नाही, पण प्रश्नमंजुषेत दोन्ही चित्रपटांच्या शेवटांची तुलना करणारा एक प्रश्न असेल, आणि त्याच्या उत्तराला गुण काकांनी द्यावेत, असे समितीने ठरवले आहे. त्यांच्याशी मतभेद असलेल्या स्पर्धकांनी हरकत त्याच वेळी नोंदवावी. नंतर या यादीवर नव्याने वाद सुरू करू नये, ही विनंती.

समन्वयक