कॅलिफोर्नियाने परवान्यांवरचे दावे आवरले. आपल्याकडे हेच चालेल का?

अलकापुरी_सर्कल

मी वडोदऱ्यात, मुलगा सॅन होजेला असतो, त्यामुळे तिकडच्या बातम्या घरात येतातच. कॅलिफोर्नियात 1970 पासून एक पर्यावरण कायदा आहे, सगळे त्याला सीक्वा म्हणतात. रेगन गव्हर्नर असताना त्यावर सही झाली. सरकारी यंत्रणेने प्रकल्पाला परवानगी देण्याआधी त्याचे परिणाम तपासायचे, आणि तपासणी अपुरी वाटली तर लोकांनी कोर्टात जायचं, असा तो कायदा.

पुढे शेजारी नको असलेली बिल्डिंग अडवायला लोक तोच वापरू लागले. बर्कलीत विद्यापीठाला वसतिगृह बांधायचं होतं. 2023 मध्ये अपील कोर्ट म्हणालं, विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचाही अभ्यास करायला हवा होता! ते निस्तरायला वेगळा कायदा करावा लागला. शेवटी 30 जून 2025 ला गव्हर्नर न्यूसम यांनी दोन विधेयकांवर सही केली. आता भरवस्तीतल्या 20 एकरांपर्यंतच्या घरबांधणीला, अटी पाळल्या तर, ही तपासणी नाही. आणि एकाच अटीपायी सूट हुकत असेल तर तपासणी फक्त त्या मुद्द्यापुरती.

माझं म्हणणं, आपल्याकडेही हेच हवं. आक्षेप घ्या, पण मुद्द्याचा घ्या आणि वेळेत घ्या. आपल्या विश्वामित्री नदीतला गाळ 2025 च्या पावसाळ्याआधी काढायला घेतला तेव्हाही आक्षेप होतेच. 2024 च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी अजून किती थांबायचं होतं?

पादरा_रोड

काका, सीक्वा लहानसहान परवानग्यांनाही लागू होतो, म्हणून तिथे हा त्रास झाला. आपल्याकडे 20,000 चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागतच नाही. त्याहून मोठ्या बांधकामाला मंजुरी लागते, पण जनसुनावणी नाही. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यालाही जनसुनावणीतून सूट. हे सगळं 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेतच आहे. कॅलिफोर्नियाने 2025 ला जे केलं त्यातलं बरंचसं आपण 19 वर्षं आधीच करून बसलोय.

आणि त्या दोन विधेयकांपैकी एकात औद्योगिक झोनमधल्या प्रगत कारखानदारीलाही सूट आहे, ते तुम्ही गाळलंत. तिकडच्या पर्यावरणवाल्यांचा खरा राग त्यावर आहे. मुलाला विचारा, सिलिकॉन व्हॅलीत चिप कारखान्यांच्या जुन्या टाक्यांतून झिरपलेली रसायनं जमिनीखालून काढायचं काम किती वर्षं चाललंय.

मकरपुरा_शेड

मी छोटा उद्योजक. इथे कोणी कोर्टात जायच्या आधीच माणूस दमतो. जीपीसीबीची, म्हणजे गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची, आधी उभारायची संमती, मग चालवायची, मग नूतनीकरण. पोर्टलवर एक शंका निघाली की फाईल परत खाली. एका सल्लागाराने आमच्याकडून पैसे घेतले आणि दुसऱ्याच कुठल्या तरी युनिटचा पाणी-ताळेबंद (किती पाणी घेतो, किती सोडतो) आमच्या नावाने चिकटवून दिला. शेवटच्या पानावर त्यांचं उत्पादन तसंच राहिलं होतं! सुधारणा हवी तर इथे करा. दावे कमी झाले काय नि वाढले काय, आमच्या टेबलावर फरक पडत नाही.

तरी काकांच्या बाजूचं एक सांगतो. मंजुरी मिळाली, बँकेने कर्ज सोडलं, शेड उभी राहिली आणि मग नोटीस आली, तर हप्ता कोण भरणार? दावा ठोकणारा तर नाही ने?

पादरा_रोड

हप्त्याचं दुःख खरं आहे. पण आमच्याकडे बोअरचं पाणी लालसर येतं, त्याचा हप्ता आम्ही भरतोच आहोत.

मी एका जनसुनावणीला गेलो होतो. मांडव, कूलर, व्हिडिओवाला, पुढच्या दोन रांगांत कंपनीचेच कामगार. गुजरातीत फक्त सारांश, मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत. एका आजोबांनी पाण्याची बाटली वर धरून विचारलं, हे प्याल का? नियमाप्रमाणे उत्तर द्यावं लागतं म्हणून उत्तर आलं: "आपला मुद्दा नोंदवला आहे." मग नाश्त्याची पाकिटं वाटली. आता एवढीही वेळ द्यायची नाही म्हणता?

सुरसागर_वकील

वेळेचं बोलताय म्हणून सांगते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात अपिलाला 30 दिवस. सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर लवादालाही उशीर माफ करता येत नाही. कॅलिफोर्नियातही मंजुरीची सूचना नोंदवल्यापासून 30 दिवसच आहेत. फरक असा की तिकडे आपल्याच काउंटीच्या कोर्टात जाता येतं आणि जनहिताचा दावा जिंकला तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळू शकते. आपलं खंडपीठ पुण्यात. व्हिडिओवर हजेरी लावता येते, पण प्रत्यक्षात वकील लागतोच, आणि त्याची फी गावाने वर्गणी काढून भरायची.

मकरपुरावाल्यांना पडलेली भीती उलट बाजूने बघा. आपल्याकडे जास्त खटला कशावर चालतो? आधी कारखाना, मग मंजुरी. 2002 च्या एका परिपत्रकाने तशी मुभा दिली होती. 1 एप्रिल 2020 ला सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली आणि अंकलेश्वरच्या प्रकरणात तीन कंपन्यांना प्रत्येकी 10 कोटी भरायला लावले. त्यात आपल्या वडोदऱ्याची औषध कंपनी अलेंबिकही होती. मे 2025 ला कोर्टाने मागाहून मंजुरीचा रस्ता पूर्ण बंद केला आणि नोव्हेंबरात दोन विरुद्ध एक मतांनी तोच निकाल मागे घेतला. उद्योजकाला ठाम काही हवं असेल तर त्याने या धरसोडीवर चिडावं, गावकऱ्यांवर नाही.

अलकापुरी_सर्कल

ताई, हे मान्य. पण रस्ता कायमचा बंद केला तर उभा कारखाना पाडायचा का? त्यातली दीडशे माणसं कुठे जाणार? बहुमताचा रोख तोच होता. आणि विश्वामित्रीवर कोणीच बोललं नाही.

सुरसागर_वकील

बोलते की. विश्वामित्रीचे काठ बांधायच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पाच्या वादात लोक लवादात गेले, म्हणून 2021 च्या आदेशात नदी, तिच्या कोतरा (घळी) आणि मगरी यांचा विचार आला. नाहीतर काठ बांधून नदी अरुंद केली असती आणि 2024 चं पाणी अजून वर चढलं असतं, असं मला वाटतं. गाळ काढायला माझा विरोध नव्हता. अंड्यांच्या हंगामात मगरींची बिळं उकरायला होता.

मकरपुरा_शेड

मगरींना पर्यावरण मंजुरी लागते का ते बघा आधी, त्या पुरात सोसायट्यांत शिरल्या होत्या 😀

गंमत सोडा. तीस दिवस मोजायला कधीपासून लागायचं?

सुरसागर_वकील

मंजुरी लोकांपर्यंत रीतसर पोहोचली तेव्हापासून. कंपनीने 7 दिवसांत दोन स्थानिक पेपरांत जाहिरात द्यायची, त्यातली एक स्थानिक भाषेत.

पादरा_रोड

आमच्या वेळची जाहिरात टेंडरांच्या पानावर होती, खाली डाव्या कोपऱ्यात. गावात तो पेपर येतच नाही.