पेठेपेठेत तालीम आहे, मग शाळेत पीटी कशाला?

पंचगंगाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, "कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. महापालिकेच्या शाळांनी पीटीचा तास गणिताला द्यावा." वाचून डोकं फिरलं. तालमीत पोरी किती जातात हो? माझी लेक आठवीत आहे. वेळापत्रकात पीटी आहे, पण चाचणी जवळ आली की विज्ञानाच्या बाई वर्गात शिरतात. खेळाच्या कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडं, आत हवा गेलेले व्हॉलीबॉल. 2009 च्या शिक्षणहक्क (आरटीई) कायद्यात स्पष्ट लिहिलंय: सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, हवा. कुठाय तो?

गंगावेशकर: मीच लिहिलं होतं, मागं घेणार नाही. पीटी म्हणजे उन्हात सावधान-विश्राम. माझं अंग कमावलं ते तालमीनं, पहाटेच्या जोर-बैठकांनी. पैलवान खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीचं ब्राँझ घेऊन आले, ते याच मातीच्या जोरावर.

डावपेच: पदक मॅटवर मिळालं, मातीत नाही. 1948 ला लंडनला ते सहावे आले, मॅटचा सराव नव्हता म्हणून. अजून किती पिढ्या मातीत घालवणार?

गंगावेशकर: शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं ते मॅट अंथरायला न्हवं! माती गेली तर कोल्हापुरात राहिलं काय? लंगोट बांधलाय का कधी?

डावपेच: बांधलाय. सरावात खांदा निखळला. प्रथमोपचार कुणालाच येत नव्हता. तेल चोळून हात ओढला, तो आजही पुरता वर जात नाही. मातीचा अभिमान मलाही आहे, पण हे कुणी बोलायचं?

करवीरच्या बाई: माती-मॅट बास करा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीतली एक मुलगी पीटीला दप्तर पोटाशी घट्ट धरून भिंतीकडेला बसली होती. सर ओरडले, "आळशी!" तिला पाळी आली होती, डाग पडला होता, सांगणार कुणाला? आरोग्याचा धडा "घरी वाचा" म्हणून उरकतात. आणि आम्ही पोषण आहाराच्या नोंदी भरायच्या की शिकवायचं?

गंगावेशकर: पोरींचं मान्य. तास राहू दे. पण वस्तादाला मानधन देऊन शाळेत आणा, कवायत नको.

पंचगंगाकाठ: आणा, माझी ना नाही. आधी प्रथमोपचार शिकवा त्यांना. आणि मुलींना बाईच हव्यात, यात तडजोड नाही.