एकतर्फी की माघारी?

गुहागरहून: आजोबा कूळ होते, दुसऱ्याची जमीन खंडाने (भाड्याने) कसायचे. त्यांच्या प्रकरणाची नक्कल काढली. शेवटी आहे, 'कूळ नोटीस बजावूनही गैरहजर, सबब एकतर्फी निर्णय.' वडील म्हणतात, एकतर्फी म्हणजे पक्षपाती, अपिलात तेच लिही. बरोबर का? खंडाच्या पावत्या घरात आहेत, सगळ्यांवर आजोबांची सही.

राजापूरहून: नाही हो. पक्षपातीला 'एकांगी' म्हणा. तर्फ म्हणजे बाजू, शब्द अरबीतून आलेला. एकच बाजू ऐकली, एवढंच 'एकतर्फी' सांगतो. निकाल बरोबर की चूक याबद्दल तो मुका. जुन्या कागदांत 'एकतर्फा' दिसेल. आपल्याकडे गावांच्या नावांत 'अमुक तर्फ अमुक' असतं, तीही हीच तर्फ, पण तिथे ती जुना महसुली विभाग.

गुहागरहून: आजी म्हणायची, 'आमच्या माघारी निकाल लावलान.'

मालवणहून: आजींचा शब्द मला जास्त आवडतो. 'एकतर्फी' हजर होता त्याच्याकडून बोलतो, 'माघारी' नव्हता त्याच्याकडून. आमच्या वाडीत बंद दाराला चिकटवलेली नोटीस मी पाहिली आहे. माणसं मुंबईत, कुलूप निघणार गणपतीला, आणि पावसाने शाई पार ओघळलेली. कागदावर मात्र 'बजावली'. तरी अर्जात माघारी लिहू नका. 'आजोबांच्या माघारी' म्हटलं की कारकून मयताची तारीख विचारील.

राजापूरहून: आणि 'अपील' जरा जपून. १९४८च्या कुळकायद्यानुसार अटींत बसणारं कूळ १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवतं, कलम ३२-ग खाली. कूळ आलंच नाही, तर त्याला जमीन घ्यायची नाही असं जाहीर होतं आणि खरेदी निष्फळ ठरते. म्हणजे इथे गैरहजेरी हाच जबाब! म्हणून त्याच कलमात सोय ठेवली आहे: हुकूम कळवल्यापासून ६० दिवसांत त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज. त्याला 'पुनर्विलोकन' म्हणायचं. अपील वरच्या अधिकाऱ्याकडे जातं, मुदत तिथेही ६० दिवसांची. तुमची मुदत केव्हाच टळली, त्यामुळे विलंबमाफीचा अर्ज सोबत लागेल. सगळं अडणार 'कळवल्यापासून' या शब्दावर. कोणाला कळवलं, कधी? नोटिशीची आणि हुकमाची पोच काढा.

गुहागरहून: काढली. दोन्हींवर अंगठा आहे.