मदत हवी आहे: ताईला पीव्हीओडीचा (फुफ्फुसाच्या शिरांचा आजार) संशय, पीएचच्या (फुफ्फुसाचं वाढलेलं प्रेशर) गोळीनेच फुफ्फुसात पाणी झालं

नमस्कार मंडळी, घरात कुणाला हा आजार असेल तर प्लीज वाचा.

ताई ३६ वर्षांची, साताऱ्याला असते. दीड वर्ष दम लागत होता, कुणी रक्त कमी म्हणालं कुणी दमा. मार्चमध्ये टू-डी एकोत फुफ्फुसाचं प्रेशर वाढलेलं निघालं, त्यावर सिल्डेनाफिल गोळी चालू केली, आणि बरं वाटायचं सोडून पाचव्या रात्री तिला आडवंच होता येईना, तीन उशांना टेकून बसलेली, ओठ काळेनिळे, ऑक्सिमीटरवर ७९. रात्री दोनला अ‍ॅम्ब्युलन्स. गोळी बंद करून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध), ऑक्सिजन दिल्यावर पाणी उतरलं.

आता पुण्यातले डॉक्टर म्हणतात हा नेहमीचा पीएच नाही, पीव्हीओडी असावा. यात फुफ्फुसातून रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या बारीक शिराच बुजत जातात, म्हणून गोळीने आत रक्त जास्त येतं पण पुढे जायला वाट नसते. एचआरसीटीत (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) धूसर ठिपके, जाड रेषा, छातीत सुजलेल्या लसिका गाठी, डीएलसीओ (फुफ्फुसातून ऑक्सिजन रक्तात किती जातो त्याची तपासणी) खूपच कमी. बायोप्सी तिच्या जिवावर बेतू शकते म्हणून करणार नाहीत, ते मला पटलं. औषधाने बरा होत नाही, पीएचपेक्षा झपाट्याने वाढतो, फुफ्फुसाच्या ट्रान्सप्लांटसाठी नाव आत्ताच लावा म्हणाले. तोवर अ‍ॅडमिट करून गोळीचा अगदी कमी डोस लॅसिक्ससोबत परत देऊन बघायचा विचार आहे, आणि ती रात्र आठवली की मला हो म्हणवत नाही. असं कुणी केलंय का? टिकलं का? किती दिवस अ‍ॅडमिट ठेवलं?

दुसरं, आई ही बाबांच्या मामाची मुलगी. ईआयएफटूएकेफोर नावाच्या जीनची टेस्ट सांगितलीय, दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर हा आजार होतो, म्हणजे तसं निघालं तर मला आणि धाकट्या भावालाही चारात एक शक्यता. टेस्ट आम्ही करूच, पण आईला हे कसं सांगायचं? ती आधीच स्वतःला दोष देतेय.

ट्रान्सप्लांटसाठी मुंबईत नाव लावावं का चेन्नईला? घर किती महिने तिकडे हलवावं लागलं?

आणि घरी पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं विजेचं मशीन) आहे, ताई स्टुलावर बसून नळी खांद्यावर टाकून पोळ्या लाटते, ऐकतच नाही. इकडे लाईट सारखी जाते. इन्व्हर्टरवर मशीन नीट चालतं का, का जंबो सिलिंडरच भरून ठेवू? हे आजच ठरवायचंय.